खिळ्यावरची पट्टी

अण्णा गेल्याचं मला निपाणीच्या मोटार स्टँडवर कळलं. बेळगावहून आलेला ड्रायव्हर म्हणाला, "तुमचं अण्णा गेलं की हो सकाळी." माझ्या हातात भज्यांचा पुडा होता. तो खाली ठेवायचंही सुचलं नाही. तसाच धरून बेळगावात उतरलो. दुःखातसुद्धा मी असा बावळट.

अण्णा माझे थोरले चुलतभाऊ. बेळगावच्या कॅम्पाजवळ त्यांचा लोखंड जोडायचा कारखाना; मी त्यांच्या हाताखाली. गॅसच्या ज्योतीवर झाळायचं काम तेव्हा गावाला नवं होतं. गिऱ्हाईक कागदावर लांबी-रुंदी लिहून देई. किती चुकलं तर चालेल, हे कुणीच लिहीत नसे. ते अण्णांचं ठरलेलं : "पुरुषभर लांबीला एक सूत. त्याच्यावर गेलं की तोडायचं." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आणि माप घ्यायचं ते गार झाल्यावरच, कारण झाळ गार होताना लोखंड ओढून घेते. "तापल्या लोखंडाचं आणि तापल्या माणसाचं खरं धरायचं न्हाय रं," ते म्हणत. मी जोरात मान डोलवायचो. तेवढं मला उत्तम जमे.

लढाईच्या दिवसांत निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीला पाण्याच्या टाकीचा सांगाडा हवा होता. अण्णा तापानं पडलेले. मी एक बाजू एका दमात झाळली, गरम असतानाच मापली आणि खुशीत चहाला गेलो. गार झाल्यावर बघतो तर एक पाय दोन सूत आखूड! तोडायचं तर अण्णांना सांगावं लागणार… मी पायाखाली सूतभर जाडीची पट्टी सारली. उरलेलं एक सूत त्यांच्याच नियमात बसवलं.

टाकी भरली त्या दिवशी अण्णा खाली वाकून बोल्ट आवळत होते. पट्टी निसटली, सांगाडा कलला, त्यांचा डावा पाय चिरडला. चिखलातली पट्टी त्यांनीच उचलून मुठीत धरली आणि वखारवाल्याला म्हणाले, "माप माझं चुकलं."

पाय कापावा लागला. कुबडी घेऊन परत आले, तेव्हा ती पट्टी त्यांनी कारखान्यात खिळ्याला टांगली. पुढं प्रत्येक कामाला काटकोन तपासायचा गुण्या लावला की हाक यायची, "ती पट्टी आण रं." फटीत पट्टी गेली की काम तोडायचं. पट्टी कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. रोज आणून मात्र दिली… ती जखम कधी नीट भरलीच नाही. तीच चिघळून अण्णा गेले.

तेराव्यानंतर मी एक फाटक झाळलं. गार होऊ दिलं. हाक मारायला कुणी नव्हतं. गुण्या लावून मीच पट्टी काढली. फटीत सरळ आत गेली. दारात वहिनी उभ्या होत्या.

"वहिनी, निपाणीच्या टाकीखाली ही पट्टी मी घातली होती."

"मला काय सांगताय, भावजी? त्यास्नी सांगायचं हुतं."

मी फाटक तोडायला घेतलं.