गच्चीवरची त्रेचाळीस शेतं

मावशी बावीस वर्षं एकाच शेडमध्ये भेंडी निवडत होती. परदेशी जाणारी भेंडी म्हणजे बोटाएवढी, सरळ, डाग नाही, वाक नाही. लग्नाला मुलगा बघतानाही इतकं कुणी बघत नाही. मावशी भेंडी नुसती हातात घेऊन ती कुणाच्या शेतातली ते सांगायची. म्हणूनच असेल, कुठली भेंडी कुणाची हे कळावं यासाठी कंपनीनं तिच्या हातात मोबाईल दिला.

नियम सोपा होता. शेतकऱ्यानं आपल्या शेताच्या मधोमध उभं राहायचं आणि मावशीनं बटण दाबायचं, की शेताची जागा थेट परदेशातल्या नकाशावर. आता शेतात रेंज नाही, हे उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना कुणी सांगायचं? रेंज फक्त शेडच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहिलं तर. मावशीनं डोकं चालवलं. त्रेचाळीस शेतकऱ्यांना ओळीनं गच्चीवर चढवलं. पहिला नंबर तिच्या थोरल्या जाऊबाईंचा, कारण त्यांना थांबायची सवय नाही. त्रेचाळीस वेळा बटण, त्रेचाळीस वेळा हिरवी खूण. सुंठीवाचून खोकला गेला. एका दिवसात काम संपवल्याबद्दल वरून शाबासकीही आली.

तीन महिने सगळे खूश होते. मग परदेशातल्या कुणीतरी चुकून नकाशा उघडला. त्रेचाळीस शेतं, अकरा टन भेंडी आणि सगळी एका टाकीशेजारी. माल शीतगृहात अडकला. भेंडी काही दगड नाही, दोन दिवसांत काळी पडायला लागते.

मॅनेजर घाम पुसत आले. मावशीपेक्षा वीस वर्षांनी लहान, म्हणून तिला अहोजाहो करायचे आणि कामाला मात्र लावायचे.

"दोनच मार्ग आहेत, मावशी," ते म्हणाले. "शेतकऱ्यांनी खोटी जागा दिली असं लिहायचं, म्हणजे त्रेचाळीसही जण कायमचे बाद. नाहीतर नोंद करणाऱ्यानं चूक केली असं लिहायचं. मग तुमचा कामगार नंबर बंद होईल, पण नव्या नंबरावरून उद्या शेतं पुन्हा नोंदवता येतील."

"उद्या शेतात रेंज येणार आहे का?"

"रेंज लागतच नाही. त्यात बिनरेंजची सोय आहे. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी शिकवायची होती."

प्रशिक्षण एकाच दिवसाचं झालं होतं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरांना मीटिंग होती. ही चूक लिहायला मात्र अर्जात रकाना नव्हता.

नंबर बंद म्हणजे फाटकही बंद, कारण फाटक त्याच नंबरावर उघडायचं. मावशीच्या नावावर ना शेत ना बांध. नवरा गेल्यावर जमीन थोरल्या दिरांकडे राहिली आणि तिच्याकडे हे भेंडी निवडायचं काम राहिलं. तिला भीती वाटली, चांगलीच वाटली. पण त्रेचाळीस घरांची भेंडी आपल्या बोटामुळे कुजणार, हे तिला सहन होईना.

"माझं नाव लिहा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवी मुलगी मोबाईल घेऊन आली. तिला शेतं कुठली हे ठाऊक नव्हतं, म्हणून मावशीच दिवसभर तिच्या पुढे चालली, बांधामागून बांध दाखवत. फुकट, अर्थात. संध्याकाळी माल सुटला. कंपनीनं आपली यंत्रणा किती पारदर्शक आहे यावर एक लांबलचक पत्रक काढलं.

मावशी घरी आली तेव्हा जाऊबाई दारातच उभ्या होत्या. त्यांचा माल गेला होता, त्यामुळे चेहरा उजळला होता.

"उद्यापासून मोकळीच ना गं तू?" त्या म्हणाल्या. "मग ये आमच्याकडे तोडणीला. बाकीच्या बायांना देते तेवढी मजुरी तुलाही देईन, कमी नाही देणार."

त्यांनी हे अगदी मनापासून म्हटलं, मावशीला लागलं ते तेच. दिवसभर कोरडे राहिलेले डोळे तिथे भरून आले. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"किती वाजता येऊ?" तिनं विचारलं.