ओटावाकाकांचं एक मत

ओटावाकाका भांडताना समोरच्या माणसाशी कधीच बोलत नसत. ते सभापतींशी बोलत. सभापती म्हणून जवळची कुठलीही वस्तू चाले: कॉफीचा थर्मास, कोट अडकवायचा स्टँड, एकदा तर दाराशी उभी केलेली कुणाच्या तरी मुलाची सायकल. "सभापती महोदय," ते थर्मासकडे बघून म्हणत, "सन्माननीय सदस्या म्हणतात ते ऐकायला गोड आहे, पण त्यात तथ्य नाही." सन्माननीय सदस्या म्हणजे मी, त्यांच्यापासून दोन हातांवर उभी. पहिल्या वेळी मला वाटलं, म्हातारबुवांचं काहीतरी बिनसलंय. नंतर कळलं, की कॅनडाच्या संसदेत सदस्यांनी एकमेकांना थेट उद्देशून बोलायचं नसतं. "'तुम्ही' म्हटलं की लगेच बोट उगारलं जातं," काका सांगत. "मध्ये सभापती असला की त्या बोटाला पोचायला वेळ लागतो." घरी सुनेशी वाजलं तर फ्रीज सभापती व्हायचा. त्यांची सून अश्विनी म्हणायची, "ताई, बाबा फ्रीजशी बोलायला लागले की मी समजते, आज भाजी बिघडलीय."

काकांनी तीसेक वर्षं ओटावात सरकारी इमारतींच्या हीटिंगची कामं केली. डबा खाऊन झाला, की ते संसदेच्या प्रेक्षक गॅलरीत जाऊन प्रश्नोत्तराचा तास ऐकत बसायचे. काकू गेल्यावर मुलाने त्यांना इथे जर्मनीत, कोलोनला आणलं. शनिवारी ते नातवाला घेऊन आमच्या मराठी शाळेत यायचे. ही शाळा मी नऊ वर्षांपूर्वी सुरू केली. नागरिक केंद्रातल्या दोन खोल्या, तेवीस मुलं, हजेरीचा तक्ता, वर्षाचा अभ्यासक्रम, बदली शिक्षकांची यादी, सगळं माझ्या निळ्या फायलीत. मुलं आत शिकायची आणि बाहेरच्या लांबट कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघं दीड तास वाद घालायचो.

वाद एकच. सरकार अल्पमताचं बरं की आघाडीचं? मी पंचवीस वर्षं जर्मनीत आहे. निवडणूक झाली, की पक्ष आठवडेच्या आठवडे बसतात, कलम न् कलम लिहून काढतात, खाती वाटतात, सह्या करतात आणि मग कामाला लागतात, ही पद्धत मला मनापासून पटते. काकांना ते हास्यास्पद वाटे. "सभापती महोदय, भांडी कोण घासणार हे लिहायला शंभर-दीडशे पानं घेणारी ही माणसं. लग्न कधी करणार?"

"आणि तुमच्याकडे काय?" मी म्हणायची. "पंतप्रधान कायम बॅग भरून बसलेला. आज पडतो की उद्या."

"बसलेलाच बरा. बॅग भरलेला माणूस नम्र असतो."

मग ते कॅनडाची आरोग्य विमा योजना, पेन्शन, अगदी लाल पानाचा झेंडासुद्धा अल्पमताच्या संसदेने दिला, हे ऐकवत. मी विचारायची, की विरोधकांनी एकदा आघाडीची मोट बांधली, तर पंतप्रधानांनी संसदच काही आठवडे बंद ठेवायला लावली, ती कुठली लोकशाही? यावर काका कपातली कॉफी ढवळत बसत. थर्मासकडेसुद्धा बघत नसत. एका शरद ऋतूत तर गंमतच झाली. तिकडे सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या पक्षाने करार मोडला आणि दोनेक महिन्यांत इकडे बर्लिनची तीन पक्षांची आघाडी कोसळली. त्या शनिवारी दोघंही एकमेकांना टोचायला सज्ज होऊन आलो आणि दोघांनाही तोंड उघडायची सोय नव्हती. काकांनी निमूटपणे मला कॉफी ओतून दिली.

इथवर हा करमणुकीचा मामला होता. मग शाळा चालवणाऱ्या आमच्या मराठी मंडळाची निवडणूक आली. कार्यकारिणी सात जणांची. तीन आम्ही जुने निवडून आलो: मी, माझी मैत्रीण वृंदा आणि आणखी एक. तीन नवे, गेल्या चार-पाच वर्षांत पुण्याहून आलेले सॉफ्टवेअरवाले. त्यांचा पुढारी निखिल. आणि सातवे, कुठल्याच गटात नसलेले, अपक्ष ओटावाकाका. अध्यक्ष मी झाले, पण बहुमत कुणाकडेच नव्हतं. मी लगेच करार लिहायला घेतला. एकोणीस मुद्दे, पहिला शाळेचा. काकांनी चष्मा लावून सगळं वाचलं, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि कागद परत केला.

"सही?" मी विचारलं.

"नाही. प्रत्येक ठराव येईल तसा मला पटवा. पटला तर मत तुमचं. वर्षभराचं मत एका दिवसात मागायचं म्हणजे वर्षभर माझ्याशी बोलायची गरजच उरली नाही."

ते वर्ष मी विसरणार नाही. दर बैठकीआधी मी बोटांवर मतं मोजायची. मला पाहिलं की काका भुवया उंचावून विचारत, "काय पंतप्रधानबाई, आकडा आहे का आज?" दिवाळीच्या कार्यक्रमात पाहुण्यांची भाषणं हवीत, हा माझा ठराव त्यांनी पाडला. पुढच्याच बैठकीत निखिलने गणपतीचा हॉल बदलायचा ठराव आणला, तो माझ्या बाजूने मत देऊन पाडला. मी आभार मानायला गेले तर म्हणाले, "आभार नकोत. सवय लागेल, मग विरुद्ध मत दिलं की शिव्या घालाल." वृंदा म्हणायची, "एक म्हातारा अख्ख्या मंडळाला नाचवतोय!" मला मात्र एक गोष्ट मनात कबूल करावी लागत होती. पूर्वी मी बैठकीला निर्णय घेऊन जायची. आता कारणं घेऊन जात होते.

त्याच वर्षी काकांनी कॉरिडॉर सोडला आणि वर्गात मागच्या बाकावर बसू लागले. "गॅलरीत बसतोय," म्हणाले. चार महिने बसले. मग एका बैठकीत त्यांनी खिडकीतल्या कुंडीला उद्देशून सांगितलं, की शाळेच्या खोल्यांचा करार संपतोय तो वाढवू नये. मला धक्काच बसला. त्यांचं म्हणणं होतं, की वर्गात मुलं मराठी वाचतात आणि बोलतात जर्मन. बाई विचारतात मराठीत, उत्तर येतं जर्मनमध्ये, आणि बाईंनाही जर्मन येतं, त्यामुळे कुणाचंच अडत नाही. "आणि दुसरीकडे घराघरांत भारतातून आजी-आजोबा येतात, तीन महिन्यांच्या व्हिसावर. तीन महिने खिडकीत बसून ट्राम मोजतात. त्यांना जर्मनचा गंध नाही. पाच-पाच मुलं त्यांच्याकडे पाठवा. मराठी वर्गात बसून यायची नाही, सभापती महोदय. भूक लागल्यावर येईल."

निखिलने टेबलावर थाप मारली. "गेनाऊ! अगदी बरोबर! मी हेच म्हणत होतो." मी विचारलं, अभ्यासक्रमाचं काय? व्हिसा संपला की आजी जाणार, मग पुढे काय? ज्या घरी कुणीच येत नाही त्या मुलांनी काय करायचं? काकांकडे सगळ्याची उत्तरं नव्हती, आणि तसं त्यांनी सांगितलंही. पण मत पक्कं होतं. तिघं नवे आणि काका, म्हणजे चार. आम्ही तीन. पुढच्या रविवारी अकरा वाजता मतदान.

गुरुवारी काकांना छातीत दुखू लागलं आणि रुग्णालयात हलवलं. शनिवारी दुपारी मी बैठकीचा कार्यक्रम टाइप करत असताना त्यांचा फोन आला.

"जोडी देता का?"

"कसली जोडी, काका? तुम्ही आधी बरे व्हा."

"माझं बरं होणं डॉक्टर बघतील. ऐका. तिकडे एखादा सदस्य आजारी पडला, की समोरच्या बाजूचा एक जण त्याच्यासाठी मत न देता बसून राहतो. कुणाच्या आजारपणामुळे निकाल फिरू नये म्हणून. मी त्याला जोडी म्हणतो. उद्या मी नाही. तुम्ही तटस्थ राहाल?"

हिशेब मला क्षणात कळला. काका नसले तर तीन-तीन, आणि बरोबरी झाली तर आमच्या घटनेप्रमाणे अध्यक्षाचं निर्णायक मत. शाळा वाचत होती. जोडी दिली तर दोन विरुद्ध तीन. शाळा गेली.

"आपल्या घटनेत असं काही नाही," मी म्हटलं.

"तिकडेही सक्ती नाही. शब्द असतो." मध्ये कुणी सभापती नव्हता. त्या वादात ते पहिल्यांदाच सरळ माझ्याशी बोलत होते, आणि मध्येच थांबून श्वास घेत होते.

"उद्या सकाळी सांगते," मी म्हणाले.

मी कागदावर दोन रकाने आखले. डावीकडे तेवीस मुलं, त्यांचे पालक, दोन शिक्षिका, नऊ वर्षं, शाळा चालू ठेवायचा माझा शब्द. उजवीकडे एकच ओळ: काकांनी विचारलं आहे. डावा रकाना पानाच्या तळापर्यंत गेला. सकाळी मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. पुन्हा घेतला, पुन्हा ठेवला. दहा वाजता पर्समध्ये टाकला आणि बैठकीला गेले.

निखिल म्हणाला, "आल्झो, म्हणजे काका नाहीत तर मतदान पुढे ढकलूया ना, ताई." वृंदा ताडकन म्हणाली, "केंद्राला उद्या उत्तर द्यायचंय. घ्या मतं." हात वर झाले. तीन. तीन. मग सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी निर्णायक मत दिलं. एका वर्षाचा करार झाला. वृंदाने मला मिठी मारली.

संध्याकाळी रुग्णालयात गेले. काका उशीला टेकून बसले होते.

"आकडा?"

"तीन-तीन. माझं निर्णायक."

"म्हणजे सरकार वाचलं. अभिनंदन." आवाजात टोमणा नव्हता. मग म्हणाले, "एक विचारू? उत्तर का नाही दिलंत? नाही म्हणायचं होतं. मी झोपलो तरी असतो. नकार चालतो हो, नकार हाही शब्दच असतो."

मी त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये अश्विनी म्हणाली, "ताई, बाबा अकरापर्यंत फोन हातात धरून होते. नर्सने बाजूला ठेवायला सांगितलं तर तिच्यावर चिडले." कुणाच्या फोनची वाट बघत होते, हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

त्या रविवारनंतर सोळाव्या दिवशी काका गेले.

दोन महिन्यांनी निखिलने ठराव पुन्हा आणला: केंद्राला रीतसर नोटीस देऊन खोल्या सोडाव्यात आणि काकांच्या योजनेप्रमाणे गट करावेत. सातवी खुर्ची पुढच्या निवडणुकीपर्यंत रिकामीच राहणार होती. वृंदाने येतानाच मला बाजूला घेतलं. "टेन्शन घेऊ नकोस. पुन्हा तीन-तीन, पुन्हा तुझं मत. पाच मिनिटांचं काम."

मतं घेतली. बाजूने तीन. विरुद्ध दोन.

"हात वर कर की," वृंदा म्हणाली.

"मी तटस्थ आहे."

"काय?"

"काकांना जोडी देते आहे."

तिला जोडी म्हणजे काय ते सांगावं लागलं. सगळ्यांनाच सांगावं लागलं. शनिवारचा फोनही सांगितला, आणि मी उत्तर दिलं नाही तेही. वृंदाचा चेहरा लाल झाला. "अगं, नऊ वर्षं! आणि गेलेल्या माणसाला कसली जोडी?"

"मागितली तेव्हा ते होते."

निखिल बैठकीचं इतिवृत्त लिहीत होता. जिंकला तो होता, पण मान वर न करता त्याने विचारलं, "ताई, कारण लिहायचं का?" मी म्हटलं, लिही. ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. वृंदा कोट घेऊन निघून गेली आणि पुढचे सहा महिने माझ्याशी बोलली नाही.

शाळा आता घरोघरी चालते. पाच गटांपैकी दोन छान चाललेत, दोन रडतखडत, एक बंद पडला, कारण सांगलीच्या आजींचा व्हिसा संपला आणि त्या भागात दुसरं कुणी आलंच नाही. अश्विनीचा मुलगा थालीपीठ मागायला शिकलाय. लिहायला मात्र विसरत चाललाय. काका बरोबर होते की मी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ते आज असते, तर या बंद पडलेल्या गटावरून मी त्यांना कॉरिडॉरमध्ये चांगलं दीड तास धारेवर धरलं असतं.

माझ्यात बदल एवढाच झालाय, की कुणी काही मागितलं तर त्याच दिवशी, रात्र व्हायच्या आत मी फोन करून उत्तर देते. बहुतेक वेळा ते 'नाही' असतं.