बैलाचं पाणी होईपर्यंत

इथले भुताखेतांचे अनुभव मी गेली कित्येक वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचतोय. पिंपळ, पांढरी साडी, तीनला बंद पडलेलं घड्याळ... माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. अजूनही नाही. पण माझ्या बाबतीत जे झालं ते भर दुपारी, घरच्या दहा माणसांदेखत आणि पोटभर जेवण झाल्यावर झालं, म्हणून लिहितोय.

मी पुण्यात असतो, सिनेमाला पार्श्वसंगीत देतो. म्हणजे गाणी नाही — गाण्यांच्या मधे जे वाजतं आणि ज्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही, ते. मागच्या वर्षी मला पहिल्यांदाच पूर्ण ऑर्केस्ट्रा मिळाला. निवृत्त होणाऱ्या एका एसटी ड्रायव्हरची गोष्ट होती. अशा कामात प्रत्येक पात्राला एक थीम देतात. छोटीशी धून, जी सिनेमाभर वेगवेगळे कपडे घालून परत परत येते. माझ्या ड्रायव्हरची थीम सात सुरांची. सुरुवातीला एकट्या बासरीवर, बायको आजारी पडते तेव्हा चेलोवर, आणि शेवटी तो डेपोत गाडी लावून उतरतो तेव्हा सगळ्या वाद्यांवर. ती कशी सुचली ते आठवत नाही. भांडी घासताना सुचली असावी, माझं बरंचसं काम सिंकपाशीच होतं.

घोडं अडलं होतं ते शेवटापाशी. दिग्दर्शिका अनघाताई दर वेळी ऐकायच्या आणि म्हणायच्या, "छान आहे रे, पण माणूस घरी पोचत नाही." सात सुरांच्या पुढं मी अकरा शेवट जोडून पाहिले. अकराव्यानंतर त्यांनी अगदी प्रेमानं सांगितलं, की आठ दिवसांवर रेकॉर्डिंग आहे, तोवर नाही जमलं तर तेवढा सीन दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ. प्रेमानं सांगितलं म्हणून जास्त लागलं.

त्यातच आप्पांचा फोन. आप्पा माझे चुलते, सास्तूरला शेती करतात. "येळवसला ये. दर साली काम काम करतूस, यंदा लई झालं तुझं." येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात गावात चिटपाखरू नसतं, सगळे शेतात जेवायला. म्हटलं, नाहीतरी डोकं चालत नाहीये, आंबील तरी पिऊन येऊ.

इथं थोडं घरचं सांगावं लागेल. सास्तूरला मी सणापुरता पाहुणा. जन्मलो आणि वाढलो जळकोटला, आजोळी. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली म्हणून आईला चौथ्या महिन्यातच माहेरी आणलं होतं. बारशाला वडिलांना येता आलं नाही, मुगाची रास, म्हणजे मळणी, चालू होती. "सव्वा महिना झाला की दोघांना न्यायला येतो," असा निरोप त्यांनी धाडला होता. त्याच्या आधीच भूकंप झाला. घर गेलं, वडील गेले, लग्नाचे फोटोसुद्धा गेले. त्यांनी मला पाहिलं नाही आणि मी त्यांना. कुणी विचारलं तर मी "आठवत नाहीत" म्हणायचो, पण आठवायला माझ्याकडे काही नव्हतंच. याचं मला फार वाईट वाटायचं.

तर येळवस. कडबा उभा करून केलेल्या कोपीत पूजा झाली, मिसळभाज्यांची भज्जी झाली, आंबील झाली. आप्पांचं मात्र जेवणात लक्ष नव्हतं. त्यांनी दोनच दिवसांपूर्वी बाजारातून नवा बैल आणला होता, माणक्या. नवं गाव, नवं पाणी. गडी हौदाला नीट तोंडच लावत नव्हता.

"लाजतंय हो ते," वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे आप्पांची सून.

"लाजतंय कशाचं? वाळून चाललंय," आप्पा करवादले.

विषय बदलायला वहिनी माझ्याकडे वळल्या. "भावजी, तुमच्या पिक्चरचं गाणं ऐकवा की."

"गाणं नाही वहिनी, नुसतं वाजवणं आहे."

"मग ते वाजवा. किती भाव खाताव!"

मी फोन हौदाच्या कठड्यावर ठेवला आणि बासरीची थीम लावली. माणक्यानं कान टवकारले. सावकाश हौदाशी आला, मान खाली घातली आणि पाणी प्यायला लागला. थीम संपली, मान वर. परत लावली, परत मान खाली. सगळे हसायला लागले. गंमत म्हणून मी डेपो मॅनेजरची थीम लावली, तर पठ्ठ्या शेपूट हलवत चक्क पाठ फिरवून उभा राहिला.

एकटे आप्पा हसले नाहीत. "ही तुला कुणी दिली रं?"

"काय?"

"शीळ. दादाची शीळ हाय ही."

दादा म्हणजे माझे वडील.

बैलानं पाणी प्यावं म्हणून शीळ घालतात, एवढं मला माहीत होतं. पण ज्याची त्याची वेगळी असते, हे नव्हतं माहीत. आणि आप्पांना शीळ कधीच आली नाही. "म्या कासरा धरायचा, दादानं शीळ घालायची. त्याच्यामागं ही शीळ कुटं वाजली न्हाय."

"मला कोण देणार, आप्पा? मीच केलीय."

"व्हय? मग अर्धी का केलीस?"

आणि आप्पांनी नाकातल्या नाकात, बऱ्यापैकी बेसूर, ते सात सूर म्हटले. सातव्यावर आले आणि तो धरूनच राहिले. त्या सुराला मी मोजून दोन मात्रा देत होतो आणि पुढं पळत होतो!

"किती वेळ धरायचा?"

"त्ये आपल्या हातात न्हाय. शेवटला सूर बैल सोडतंय, माणूस न्हाय. त्याचं पाणी झालं, मान वर झाली, की बास."

मी फोन बंद केला आणि स्वतः शीळ घातली. श्वास संपला की परत घेत, सातवा सूर धरून राहिलो. माणक्या पीत राहिला. पीत राहिला. मग मान वर करून त्यानं एक मोठा उसासा सोडला. मला रडू आलं, आणि ते निव्वळ आनंदाचं होतं. वहिनींनी सगळ्याचं शूटिंग केलं होतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी वादकांना वाजवायला लावणाऱ्या सरांनी कागद पाहून चष्मा काढला. शेवटच्या सुरावर मी लिहिलं होतं, "बैल मान वर करेपर्यंत". वादकांच्या कानात ताल मोजणारी टिकटिक बंद केली, समोरच्या पडद्यावर वहिनींचं शूटिंग लावलं, आणि तीस व्हायोलिनवाले माणक्याच्या तोंडाकडे बघत तो सूर धरून राहिले. पहिला टेक हसण्यात गेला. दुसरा टेक झाला. अनघाताई म्हणाल्या, "आला घरी."

एक डॉक्टर मित्र म्हणतो, पोटात असताना ऐकलं असशील. चौथ्या महिन्याच्या आत बाळाला ऐकू येतं? बरं, माझं राहू द्या... दोन दिवसांपूर्वी बाजारातून आलेल्या बैलाचं काय? उत्तराची आता मला घाई नाही.

आईला विचारलं, तर तिनं उलट मलाच विचारलं. "त्यांना शीळ येत हुती? मला म्हाईतच न्हाय बाई. ते हौदावर, मी चुलीपाशी. आणखी काय काय न सांगता गेलंय हे माणूस!" असं म्हणून संध्याकाळभर एकटीच हसत होती.

हल्ली तिनं तीच धून फोनला रिंगटोन म्हणून लावून घेतली आहे. मी फोन केला की ती काही केल्या लवकर उचलत नाही, दोनदा तर कट झाला. परवा वैतागून विचारलं, "आई, फोन जवळ असतो ना तुझ्या? मग उचलत का नाहीस?"

"उचलते की," ती म्हणाली. "त्यांचं पाणी तरी पाजून होऊ दे."