मिस्त्रीकाकांचा प्रश्न

तेल-पाणी लावून उन्हात पसरलेल्या तुरीचा वास आला की कामरगावच्या आमच्या दालमिलमधली ती सकाळ आठवते. मिलमधल्या मालाच्या नोंदी ठेवायला सॉफ्टवेअर घ्यायचे होते आणि ते दाखवायला विक्रेता येणार होता. तीस वर्षे मिल सांभाळणारे मिस्त्रीकाका त्या दिवशी धुतलेला पांढरा सदरा घालून आले. “लग्नाला निघालात का काका?” मी विचारले. “नाही भाऊ, त्या सायबाले एक गोष्ट इचाराची हाय. हे सारं मलेच भरा लागन ना.” प्रश्न काय ते ठाऊक नव्हते, पण काकांनी विचारले की विक्रेता अडेल, याची मला खात्री होती, आणि आसपासच्या दोन मिलनी घेतलेले ते सॉफ्टवेअर मला हवेच होते. म्हणून मी ऐन वेळी त्यांना ट्रक उतरवून घ्यायला पाठवले. ते परतले तेव्हा सदऱ्यावर तुरीची धूळ होती आणि माझी सही होऊन गेली होती. “काय विचारायचं होतं काका?” “आता कायले इचारू,” म्हणत ते चाळणीकडे गेले. पुढे सहा वर्षे त्यांनी त्या पडद्यावर मुकाट्याने माहिती भरली. काल त्यांच्या तेरवीला लोक म्हणत होते, मालकाने त्यांना घरच्यासारखे वागवले. मी मान खाली घालून जेवत राहिलो.