बिनखिळ्याच्या घरातला नवरा

कोलशेतच्या खाडीकाठी सरकारने एक खोली बांधली आणि राघोच्या लग्नाचं पार वाटोळं केलं. खोलीत औषधालासुद्धा लोखंड नाही. भिंती लाकडी, बिजागऱ्या पितळेच्या. आत अंधारात चुंबकाच्या सळ्या टांगलेल्या. त्या हलल्या की दिव्याची तिरीप फिरत्या फोटोच्या कागदावर रेघ उमटवायची. सूर्य खवळला की रेघ वेडीवाकडी होते, त्याला साहेब चुंबकी वादळ म्हणायचे. वारा नाही, पाऊस नाही, झाडाचं पान हलत नाही, आणि म्हणे वादळ. कपाळ माझं!

राघो आधी मिठागरात राबायचा. आता रोज सकाळी कंबरेचा कोयता फाटकावर ठेवून आत जायचा आणि कागद बदलायचा. पण लोखंडाला भुतं भितात हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग ज्या घरात लोखंडाला बंदी, ते घर कुणाचं? सरकारने भुतांना क्वार्टर दिलंय आणि राघो त्यांचा गडी, असं गावाने ठरवून टाकलं. मुलगी कोण देणार? कानाशी केस पिकले तरी राघो बिनलग्नाचाच राहिला.

शेवटी अठ्ठावन्न साली गावातल्याच महिपतची लक्ष्मी हो म्हणाली. तोंडाची फटकळ, बघायला आलेल्या दोघांना तिने पाणी पाजून परत धाडलेलं. महिपतने मात्र अट घातली: हळदीच्या अंगाला भुतं धरतात, तेव्हा हळद लागली की लग्न लागेपर्यंत कट्यार अंगावेगळी करायची नाही. केलीस तर लग्न मोडलं. रीतच ती, राघोने मान डोलावली. तेवढे दिवस कागद बदलायचं त्याच्या जोडीदाराने, सिल्वेस्टरने, कबूल केलेलं.

हळद लागली आणि दुसऱ्या सकाळी सिल्वेस्टरला हुडहुडी भरली. कागद बदलला नाही तर नवी रेघ जुनीवरच गिरवली जाते आणि दोन्ही दिवस मातीत. राघोचा जीव कासावीस झाला. लक्ष्मी हवीच होती, पण कागदही सोडवेना. लग्न लावणारी धवलारीण ठमाबाई म्हणाली, "सरकारला सांग, नवरा हळदीचा हाय." सरकारला कोण सांगणार, डोंबल?

राघो निघाला. मागे महिपत, त्याच्यामागे अर्धा गाव. फाटकापाशी राघोने कट्यार काढली.

"आत गेलास की लगीन मोडला," महिपत म्हणाला.

राघोचा पाय अडला. तेवढ्यात हळदीने पिवळीधमक लक्ष्मी गर्दीतून पुढे आली. नवरीने मांडव सोडायचा नसतो, पण तिला अडवणार कोण? तिने राघोच्या हातातली कट्यार घेतली आणि नवरीला रीतीने मिळालेल्या स्वतःच्या सुरीसकट फाटकाबाहेर फतकल मारून बसली.

"जा तू. भुताला आधी माझ्यावरनं जावा लागल."

राघो आत गेला, कागद बदलून धडधाकट बाहेर आला. लोकांची थोडी निराशाच झाली. लेक कट्यार धरून बसलेली बघून महिपत मांडवाकडे वळला, लग्न वाचलं.

संध्याकाळी मांडवात ठमाबाईने लग्न लावायचं गाणं, धवला, धरला आणि साहेब आले. शिकलेला माणूस, पण कुठे काय बोलावं ते शिकला नव्हता. कागद धुवून थेट ठाण्याहून आलेला.

"राघो, पहाटेपासून केवढं वादळ झालंय बघ त्या खोलीत!"

ठमाबाईचा धवला घशातच राहिला. पहाटेपासून वादळ, आणि हा बिनलोखंडाचा त्यात जाऊन आला. महिपत उठला आणि त्याने अंतरपाट ओढला. सूर्य, सळ्या, तिरीप, सगळं राघो सांगायला लागला, पण ऐकतं कोण?

लक्ष्मीनेच बापाच्या हातातला अंतरपाट काढून घेतला.

"वादळात जाऊन आला ना? मग याच्याहून घट नवरा तुला खाडीपलीकडं गावनार हाय का? ठमाआय, धवला म्हण."

ठमाबाई म्हणाली. लग्न लागलं. साहेबांनी अक्षता टाकल्या आणि वर जेवायलाही थांबले.

पुढे राघो कागद बदलायला आत गेला की लक्ष्मी फाटकाबाहेर तीच सुरी घेऊन मासळी साफ करत बसायची. घरी विळी नव्हती असं नाही.