वजनाला आजी

मला येऊ नकोस म्हणून नातीने बजावलं होतं, म्हणून मी गेले.

सुरतेतले एक शेठ महागड्या जुन्या गाड्या घेतात-विकतात. गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून ते दोन स्पोर्ट्‌स गाड्या शेजारी उभ्या करतात आणि एकदम सोडतात. नाकासमोर पळायचं, झेंडीपर्यंत आधी कोण पोचतं ते मोबाइलवर टिपायचं. या कामासाठी त्यांना दुसरा ड्रायव्हर हवा होता आणि माझ्या नातीला एका सकाळपुरतं बोलावलं होतं. गाडी सरळ सुटली, सरळ पोचली, तर नोकरी. नाहीतर भेस्तानला घरी परत, आईच्या शिवणयंत्राशेजारी.

सुरतेबाहेर, सचिन गावाच्या पुढे कारखान्यांसाठी प्लॉट पाडून ठेवलेत. कारखाने यायचेत अजून. फाटक लावलं की आतला लांबलचक रस्ता शेठचाच. तिथे एक काळी गाडी होती, शेठकडे कधीची असलेली, आणि एक पिवळी, आदल्याच दिवशी आलेली. दोन्ही इतक्या बुटक्या की टपावर पापड वाळत घालावेत. काळी शेठच्या जुन्या ड्रायव्हरकडे, पिवळी नातीकडे.

शेठ एका गोष्टीला पक्के. दोन्ही गाड्यांत पेट्रोल सारखं, चाकांत हवा सारखी, वजनसुद्धा सारखं. तरच खरी तुलना. इथेच घोडं अडलं. ड्रायव्हर धिप्पाड, त्यात सकाळीच दोन बशा सुरती लोचो चेपून आलेला. नात म्हणजे चवळीची शेंग. भरपाईला वाळूची गोणी आणली होती, पण सीटच्या चामड्याला चरे पडतील म्हणून शेठचा जीव वरखाली. त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली.

"बा, तमे बेसी जाओ ने!"

"आजी नको," नात म्हणाली.

"का गं? गोणीपेक्षा वाईट आहे का मी?"

त्याआधी शेठना पूजा हवी होती. नवी आलेली गाडी, आणि तिथे वडीलधारी बाई मी एकटीच. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, चारी चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं. आमच्या खानदेशात ट्रॅक्टरला ठेवतात, इकडे रिक्षाला ठेवतात. पहिल्या चालीत लिंबू चिरडलं की दृष्ट गेली. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, मला तर नाहीच.

मग मला त्या खड्ड्यासारख्या सीटमध्ये उतरवलं. अंबाड्यावर हेल्मेट बसेना, तेव्हा अंबाडा सोडला. नातीने माझा पट्टा दोनदा ओढून बघितला.

"आजी, बोलायचं नाही."

"बरं."

"श्लोकपण नाही."

तिने डाव्या पायाने ब्रेक दाबून धरला आणि उजव्याने पेट्रोल देत गेली. मागे इंजिन असं गुरगुरायला लागलं की माझी कवळी वाजली. गाडीला पुढे जायचंय आणि ही जाऊ देत नाहीये. दोघींची ताणाताणी माझ्या पाठीच्या मणक्यात कळत होती. शेठचा हात खाली आला. तिने ब्रेक सोडला.

गाडी पुढे गेलीच नाही. आधी ती वळली. मागचा भाग माझ्या बाजूला झपकन फिरला, समोरचा रस्ता काचेतून निघून गेला आणि तिथे लिंबोणीच्या काट्यांसारखं तारेचं कुंपण दिसलं. नातीचे हात विजेसारखे उलटे फिरले. कुंपण गेलं, रस्ता आला. गाडी आडवी होऊन थांबली. काळी केव्हाच झेंडीपार झाली होती.

नातीने इंजिन बंद केलं.

शेठ पळत आले. आधी पिवळीभोवती फिरून ओरखडा नाही ना ते बघितलं, मग म्हणाले, "छोकरी कच्ची छे. पाय एकदम दाबलास तू. ड्रायव्हर, गाड्या आत घे."

संपलं, मला वाटलं. आणि माझ्या ओठांवर एकच वाक्य येऊन बसलं होतं : चल बाळा, घरी जाऊ.

हे वाक्य माझ्या ओळखीचं. लग्नानंतर सुरतेला आले तेव्हा मी एक शहाणी बाई होते. ह्यांनी मोपेड आणली, मी शिकले आणि पहिल्याच दिवशी फुलकोबीच्या लारीत, म्हणजे हातगाडीत, शिरले. कॉलनी हसली. चल बाई, घरी जाऊ, मी स्वतःलाच म्हणाले. मी किल्ली ह्यांच्या हातात दिली, ती कायमची. वर जगाला सांगत फिरले, "मला वारा मानवत नाही." वारा! ह्यांच्या मागे बसून जाताना जणू वारा वळसा घालून जात होता! ती बावळट आज भेटली, तर फुलकोबीचा एक गड्डा मीच तिच्या डोक्यात घालीन.

मी तोंड मिटूनच ठेवलं.

नात खाली उतरली. जिथून सुटलो तिथे जाऊन उकिडवी बसली. रस्त्यावर चाकाची काळी रेघ होती आणि तिच्या सुरुवातीला ओला, पिवळट लगदा. तिने बोट लावून वास घेतला. आता ही म्हणणार लिंबामुळे घसरलो, म्हणजे शेठच्या पूजेमुळे. पूजेला नावं ठेवणाऱ्या पोरीला कोण ठेवून घेतंय?

ती उठून शेठकडे आली.

"शेठ, वजन दोन्हीकडे सारखं ना?"

"हा."

"हवा सारखी?"

"हा, हा. पछी?"

"मग लिंबं एकीलाच का? काळीलाही ठेवा. मागच्या चाकांपुढे, तशीच. मग दोघं सुटू."

तेवढ्यात काळीतून उतरलेला ड्रायव्हर ओरडला, "ना, ना! मारे लिंबू नथी जोईतां! घसरून कुंपणात जाईन की मी!"

बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो. शेठ खाली वाकले. त्यांनीही लगद्याला बोट लावलं. मग स्वतःच्या हाताने बादली आणून पिवळीची चाकं धुवायला लावली, फडक्याने कोरडी करवली, आणि रेषा लगद्यापासून लांब, नवी आखली. पूजा झालेलीच होती. तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

पुन्हा ब्रेक, पुन्हा गुरगुर. शेठचा हात वर. या वेळी माझे डोळे आपोआप मिटले आणि मी ते जबरदस्तीने उघडले.

हात पडला. कुणीतरी छातीवर पाटा ठेवावा तसं मी सीटमध्ये रुतले. गाल कानांकडे गेले. उजवीकडे काळी, अगदी लगत. तिचं नाक पुढे, मग आमचं, मग परत तिचं. पण आमचं स्टीअरिंग नातीच्या हातात काडीभर हललं नाही. रस्ता सुतासारखा पोटाखाली ओढला जात होता.

काळी जिंकली. हातभर अंतराने, पण जिंकली.

"हरलो," मी म्हणाले.

"गाडी हरली, आजी. सुटली कशी ते बघ."

शेठ मोबाइलवर तेच बघत होते; पुन्हा पुन्हा, झेंडी नाही, सुरुवात. मग काळीची किल्ली ड्रायव्हरकडून घेऊन नातीपुढे धरली.

"आता अदलाबदल. काळी तू चलाव, पिवळी हा चलावशे. तरच कळेल गाडी जोरात की माणूस." आणि जरा थांबून, "सोमवारथी रोज नोकरीए आवजे."

ड्रायव्हर माझ्या खिडकीशी वाकून म्हणाला, "बा, पेढा खवडावजो."

नात तोवर काळीत बसलीही होती. आणि मी पिवळीत, मोकळे केस तोंडावर, तिचं वजन भरायला काळीत जायचं म्हणून पट्टा सोडायचं बटण शोधत होते आणि त्या गाडीला खानदेशी शिव्या देत होते.