मुंगसाचा पांढरा सदरा

चौथीत असताना मी आणि माझ्या वर्गातल्या एका मुलीने मिळून चित्रांची गोष्ट रचली. तिचा नायक होता एक मुंगूस. संकटात सापडलेल्या माणसांना तो सोडवायचा, या छपरावरून त्या छपरावर उडी मारायचा, पण ठेवणीतले कपडे घातल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचा नाही. गोष्ट मी सांगायची आणि चित्रं तिनं काढायची, कारण मी काढलेलं मुंगूस वांग्यासारखं दिसे.

हिंगणघाटला आमच्या घरामागच्या कुंपणात एक खरंच मुंगूस यायचं. मागच्या पायांवर उभं राहायचं आणि मान इकडं-तिकडं वळवायचं. "आरशात पाहून राह्यलं जसं," मैत्रीण म्हणाली, आणि तिथूनच गोष्ट सुरू झाली.

माझी विधवा आत्या आमच्याकडेच राहायची आणि ओसरीत शिवणाचं मशीन चालवायची. मशीनखाली पडलेल्या चिंध्या मी गोळा करी. मैत्रीण मुंगूस काढायची, मग आम्ही कणकेच्या खळीनं त्याच्या अंगावर खरे कपडे चिकटवायचो: छिटाचा कोट, मखमलीची टोपी, एकदा तर जरीचा गळपट्टा. वही इतकी फुगली की मिटेनाशी झाली.

एकदा आत्यानं मशीन थांबवून चित्र बघितलं. "साप समोर फणा काढून उभा हाय, अन् हा कोटाची घडी करून राह्यला?"

"कोट फाटला तर?" मी म्हणाले.

"अन् साप काऊन थांबला मंग?"

हेच मी दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला विचारलं. तिनं मधली सुट्टीभर विचार केला आणि म्हणाली, "सापालेबी पाहाचं असन, आत कोनता सदरा हाय थे."

आत्या हे ऐकून खूप हसली. तिला त्या मुलीची चित्रं मनापासून आवडत. पण मुलगी बसायची ओसरीच्या पायरीवर, आणि पाणी मागितलं तर आत्या ते वरून तिच्या ओंजळीत घालायची आणि ती वाकून प्यायची. मुंगसाबद्दल मी शंभर प्रश्न विचारी. त्या ओंजळीबद्दल एकही विचारला नव्हता.

त्या वर्षी दसऱ्याला ती चार दिवस शाळेत आली नाही. मग आमच्या पायरीवर आली ती हातात पांढऱ्या कापडाचा तुकडा घेऊन. "मुंगसाले याचा सदरा कर."

"पांढरा? लढताना मळेल ना."

"मळला तं धुईन."

"कुठलं कापड हे?" आत्यानं विचारलं.

"माह्या बाच्या सदऱ्यातलं उरलं. आमी नागपूरले गेलतो. साऱ्यायनं पांढरे कपडे घातले होते. आमी बौद्ध झालो."

"म्हणजे काय झालं?" मी विचारलं.

"माय म्हनते, आता कोनापुढे वाकाचं नाई."

मला खरोखरच प्रश्न पडला. "मग तू आमच्याकडे पाणी कशी पिशील?"

मैत्रीण आत्याकडे बघत राहिली. रोखून नाही, अगदी सरळ, जशी ती चित्र काढण्याआधी मुंगसाकडे बघायची तशी. आत्या उठून आत गेली. मला वाटलं, रागावली. ती परत आली ती पाण्यानं भरलेला गडवा घेऊन, आणि तो तिनं पायरीवर, मैत्रिणीच्या हाताशी ठेवला.

मैत्रिणीनं गडवा उचलला आणि सगळं पाणी प्यायली. पुढे तो गडवा आत्यानं इतर भांड्यांत मिसळला की वेगळा ठेवला, हे मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं असं आता वाटतं. एवढं मात्र डोळ्यांपुढे आहे की आत्यानं हात पुढे केला आणि म्हणाली, "आन तो तुकडा. तुमी नीट कापनार नाई." तिनं दोन बोटांएवढा सदरा कापला, त्याला बाह्याही ठेवल्या.

त्या चित्रात मुंगसानं काहीच काढून ठेवलं नाही. सदऱ्यासकट तो सापावर गेला.

उन्हाळ्यात वडिलांची देवळीच्या कचेरीत बदली झाली. वही मी मैत्रिणीला दिली, कारण चित्रं तिची होती. "गोष्ट?" तिनं विचारलं. "मला पाठ आहे," मी म्हणाले. ते खरं नव्हतं. देवळीला पोचेपर्यंत आत्या एसटीत मला विचारत राहिली, साप मेला का, आणि मी दर वेळी वेगळं उत्तर दिलं.